महाबळेश्वरचा पावसाशी तह

सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्यामध्ये १८२९ साली जो करार झाला, त्यान्वये वाई प्रांतातील खंडाळा हे गाव मोबदल्यात महाराजांकडे आले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील साडेचार हजार फूट उंचीचे महाबळेश्वरचे पठार कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेले. ह्या कराराची कलमे सरकारी दप्तरात नमूद आहेत आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी ती अनेकवार चाळलेली आहेत. परंतु त्याच पठारावर पुढची शंभर-सव्वाशे वर्षे दुसराही एक तह अमलात होता. त्याचा कागद कोणी केला नाही, त्यावर कोणाचे शिक्के-मोर्तब झाले नाही, आणि तरीही मामलेदारापासून मोळीविक्यापर्यंत प्रत्येकाने तो दरसाल बिनबोभाट पाळला. तो तह पावसाशी होता. वर्षातील आठ महिने हे पठार माणसांचे आणि चार महिने पावसाचे, एवढेच त्याचे एकमेव कलम होते. आज जगभरातील पर्वतप्रदेशांतले पर्यटनव्यवसाय बदलत्या हवामानाशी जुळवून कसे घ्यावे ह्याचा विचार करीत असताना, आपल्याच डोंगरावरील हा जुना तह कसा घडला, कसा पाळला गेला आणि कसा मोडला, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

गोऱ्या लोकांनी महाबळेश्वर ‘शोधून काढले’ असे जे पुष्कळदा लिहिले जाते, त्यात तथ्य नाही. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांच्या उगमाचे हे क्षेत्र. यादव राजा सिंघण ह्याने तेराव्या शतकात येथे कृष्णेच्या उगमापाशी देऊळ बांधल्याचे सांगतात, आणि शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला येथेच केली अशी परंपरा आहे. गुरू कन्या राशीस आला म्हणजे, अर्थात बारा वर्षांनी, येथे कन्यागताचा मेळा भरतो. जावळीचे खोरे पायथ्याशी, १६५६ नंतर उभा राहिलेला प्रतापगड समोर. असा हा मुलूख यात्रेकरूंच्या आणि मावळ्यांच्या पायांखालचा होता. मात्र यात्रेकरू येई तो दर्शन घेऊन उतरण्यासाठी येई. हवा खाण्यासाठी डोंगरावर मुक्काम करावा ही कल्पना त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण देशावरचा उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला होता.

तो ज्यांच्या अंगवळणी पडला नव्हता, त्यांनी ही कल्पना आणली. १८२४ साली साताऱ्याच्या पलटणीवरील अधिकारी लॉडविक हा झाडी तोडीत कड्यापर्यंत पोहोचला, आणि ज्या टोकावरून त्याने कोकणाकडे पाहिले त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. त्यानंतर रेसिडेंट ब्रिग्ज ह्याच्या आग्रहावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर येणारा रस्ता बांधून दिला, १८२८ मध्ये माल्कमसाहेब स्वतः येऊन गेले आणि आजारी सोल्जरांसाठी येथे आरोग्यधाम काढण्याची तजवीज झाली. डॉक्टर जेम्स मरे ह्यांची त्यावर नेमणूक झाली आणि त्यांनी हवामानाच्या बारीक नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. नव्या पेठेला माल्कमचे नाव पडले. म्हणजे ज्याला आपण थंड हवेचे ठिकाण म्हणतो ती संस्थाच मुळी एका परक्या समाजाने आपल्याला न सोसणाऱ्या हवामानाशी केलेली तडजोड होती. पर्यटनाचा उद्योग आधी निर्माण झाला आणि हवामानाचा प्रश्न मागाहून उभा राहिला, असे येथे घडलेले नाही. येथे हवामानच भांडवल होते आणि आहे.

परंतु ह्या भांडवलाला एक मोठा बोजा जोडलेला होता. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे कोकणपट्टी ओलांडून ज्या उभ्या कड्यांवर आदळतात, त्या कड्यांच्या नेमक्या कडेला हे पठार आहे. वारा तेथे वर चढतो, निवतो आणि आपले सारे ओझे तेथेच टाकून देतो. वर्षाकाठी सरासरीने अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर ह्या चारच महिन्यांत! पूर्वेला अवघ्या पाच कोसांवर असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला आले की तो देशावरच्या इतर कोणत्याही गावासारखा होतो. इतक्या थोड्या अंतरात आकाशाने एवढा भेद करावा, ही सह्याद्रीतील आश्चर्यांपैकी एक गोष्ट आहे. आणि ह्या भेदावरच त्या अलिखित तहाची सारी व्यवस्था उभी होती.

ती व्यवस्था अशी. ऑक्टोबरात पाऊस सरला की पहिला सीझन सुरू होई. थंडीत वर्दळ कमी असे. मार्चपासून दुसरा आणि मोठा सीझन लागे. एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत मुंबई इलाख्याचे सरकारच डोंगरावर येऊन बसे: गव्हर्नर, कौन्सिलचे सभासद, सेक्रेटरी, त्यांची दप्तरे, शिपाई आणि हुजरे. त्यांच्यामागून संस्थानिक, पारशी आणि गुजराती शेठजी, वकील, डॉक्टर. कोणी बोटीने दासगावपर्यंत येऊन कोकणातून घाट चढत, तर रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने येत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ढग दाटून आले की हा सारा लवाजमा उतरू लागे. गव्हर्नरांचा मुक्काम पुण्यास हाले, दुकानदार आपला माल बांधून वाईची वाट धरीत, बंगल्यांना कुलपे पडत. महिना-पंधरा दिवसांपूर्वी जेथे बँड वाजत होता तेथे मग धुके आणि पाणी ह्यांवाचून काही उरत नसे.

जाण्यापूर्वी मात्र एक काम केल्यावाचून कोणी जात नसे, आणि ते काम माझ्या मते ह्या गावाच्या इतिहासातील सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी कारागिरी आहे. येथील घरे जांभ्या दगडाची. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो, आणि चार महिने सतत पाणी पिणारी भिंत आतून ओली होऊन लाकूड, कापड, कागद सगळ्यांचा नाश करते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक इमारतीला, विशेषतः नैर्ऋत्येच्या बाजूने, कोळम नावाच्या उंच गवताच्या झडी बांधीत. आसपासच्या डोंगरउतारांवर वाढलेले हे गवत हिवाळ्यात-उन्हाळ्यात कापून, वाळवून, पेंढ्या बांधून ठेवीत. मेअखेरीस बांबूच्या चौकटींवर ते दाट बसवून त्याचे तट्टे छपराच्या वळचणीपासून जमिनीपर्यंत भिंतीला लावून घेत. गवताची काडी खाली झुकलेली, म्हणून पाणी काडीवरून काडीवर ओघळत जमिनीवर उतरे. भिंत कोरडी राही, आणि तट्ट्याच्या फटींतून हवा खेळत असल्यामुळे आतील ओल सुकून जाई. ऑक्टोबरात झडी उतरल्या की ते गवत पुन्हा मातीत अथवा चुलीत जाई. देवळे, चर्च, कचेऱ्या, बंगले, बाजारातील दुकाने ह्या सर्वांना दरसाल असे गवताचे अंगरखे चढत असत. हे ज्ञान बाहेरून कोणी आणले नव्हते. डोंगरावरच्या कुणबी, कोळी आणि धनगर कुटुंबांच्या घरांना पिढ्यान् पिढ्या ज्या झडी होत्या, त्याच साहेबांच्या बंगल्यांनाही लागल्या, एवढेच.

ही कुटुंबे पावसाळ्यात कोठेही जात नसत, हेही येथे सांगितले पाहिजे. तहाचा लाभ आठ महिने येणाऱ्यांना होता, त्याचा भार बारा महिने राहणाऱ्यांवर होता. नाचणी, वरी, सुके सरपण, मीठ, रॉकेल ह्यांची बेगमी करून, जनावरांसह एकाच छपराखाली, चुलीच्या धुरात त्यांनी ते चार महिने काढले. सीझनमध्ये पालख्या आणि ओझी वाहणारे, घोडे धरणारे, दूध आणि लाकूड पुरविणारे हात हेच. परंतु सीझन संपला की त्या हातांना रोजी नसे. जुन्या महाबळेश्वराची जी गोड वर्णने छापलेली आढळतात, त्यांत ह्या चार महिन्यांची पाने बहुधा कोरी आहेत, कारण लिहिणारे तेव्हा पुण्यात असत.

ह्याच काळात आणखी काही गोष्टी घडल्या ज्यांचे फळ अद्याप पठाराला मिळते आहे. मलाया द्वीपकल्पाकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा एक तुरुंग येथे होता. १८६४ च्या सुमारास तो मोडण्यात आला, पण तोवर ह्या कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाजीपाला ह्यांची लागवड डोंगरावर रुजविली आणि वेताच्या खुर्च्या-टोपल्या विणण्याचा कसब इकडे आणला. जेथे त्यांचे बागाईत होते त्याच्या जवळचा धबधबा आजही चायनामन फॉल म्हणूनच ओळखला जातो. १८४२ साली सातारचे आप्पासाहेब महाराज ह्यांनी वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधविला. अडीचशे इंच पावसाच्या गावाला तलाव कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जांभ्याचा थर पाणी जसा झपाट्याने पितो तसाच तो ते झऱ्यांवाटे झपाट्याने सोडूनही देतो, आणि फाल्गुन-चैत्रात डोंगरावरच्या वाड्यांतील बायकांना हंडा घेऊन दूरचा उतार उतरावा लागतो. महाराजांच्या ह्या तलावावर मौजेच्या नावा पुष्कळ चालतात. त्यातील पाण्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी ह्या दोन्ही गावांची तहान भागते, ह्याचे स्मरण फार थोड्यांना असते.

आणि पाचगणी! जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही वसाहत वाढविली ती ह्याच हेतूने, की महाबळेश्वरची थंडी मिळावी पण पावसाळ्यात पळून जाण्याची पाळी येऊ नये. त्याने येथे सिल्व्हर ओकची आणि नाना प्रकारची विलायती झाडे लावून पाहिली. वर्षभर राहता येते म्हणून येथे शाळा निघाल्या, आणि कोरडी हवा म्हणून क्षयरोग्यांसाठी आरोग्यभुवने निघाली. डॉक्टर बिलिमोरिया ह्यांचे बेल-एअर हे त्यांतील सर्वांत विख्यात. पाच कोसांच्या आत एका गावाने सीझनवर आणि दुसऱ्याने शाळांच्या वर्षावर आपला प्रपंच उभारावा, ही वाटणी कोणा अधिकाऱ्याने आखलेली नव्हती, ती पर्जन्यमानाने केलेली होती.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरांची छावणी उठली आणि मध्यमवर्गाची मोटार आली. हा बदल मला सर्वस्वी इष्ट वाटतो. थोड्यांची मिरास होती ती पुष्कळांची झाली, आणि पूर्वी ज्यांनी केवळ ओझी वाहिली त्यांच्यापैकी काहींनी खानावळी, लॉजे आणि टॅक्सी काढल्या. परंतु गेल्या तीन-चार दशकांत ह्या व्यवसायाने एक पाऊल असे टाकले की ज्यामुळे तो जुना तह मोडला. पाऊस हीच पाहण्याची वस्तू झाली. लिंगमळ्याचा धबधबा, धुक्यातले घाट, भिजलेले पॉइंट ह्यांच्यासाठी जुलै-ऑगस्टात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. कुलपे पडणारी हॉटेले बारमाही झाली. जांभ्याच्या जागी सिमेंट आले आणि कोळमाच्या झडींच्या जागी प्लॅस्टिकचे ताव आणि पत्रे. गवत कापणारा आणि झडी बांधणारा कारागीर दुर्मीळ झाला. बारमाही रोजगार मिळाला हा लाभ खराच आहे, तो मी नाकारीत नाही. पण जे उतार पूर्वी गवताखाली आणि झाडीखाली होते ते कापून त्यांवर बांधकामे उभी राहिली, हेही तितकेच खरे. आणि केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला नसता तर ह्या बांधकामांना सीमा राहिली नसती.

दुर्दैव असे, की ज्या पिढीने पावसाशी असलेला तह मोडला त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत पाऊसही आपली जुनी रीत सोडू लागला. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांतील वाढते चढउतार आहेत, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१७ साली दाखवून दिले. ३ जून २०२० ला निसर्ग हे चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर चढले, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर निघून गेले. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. म्हणजे ज्या मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पूर्वी झडी बांधण्याची लगबग असे आणि सीझनची शेवटची कमाई होई, तो आठवडाच पावसाने उचलून नेला.

ह्या सर्वांत २०२१ च्या जुलैची आठवण सांगताना मन जड होते. २२ जुलैच्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुन्या मापाने तेवीस इंचांहून अधिक. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला, दरडी आल्या, गावे तुटून पडली. घाटाच्या खाली, महाड तालुक्यातील तळिये ह्या वाडीवर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. जांभ्याच्या थराखाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. वरून पाणी झिरपत जाऊन तो भिजला की वरचा भार त्यावरून घसरतो. हा भूस्वभाव प्राचीन आहे. पूर्वीही दरडी येत; परंतु अडीचशे इंच पाऊस चार महिन्यांत वाटून पडणे आणि त्याचा दहावा हिस्सा एका रात्रंदिवसात कोसळणे, ह्यांत डोंगराच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

ह्या नव्या आकाशाशी जुळवून घेण्याचे प्रयत्न पठारावर चाललेले आहेत, आणि त्यांतील मला आशादायक वाटणारे सगळे प्रयत्न जमिनीशी संबंध असलेल्या माणसांनी केलेले आहेत. स्ट्रॉबेरीचेच पाहा. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा ह्या एका टापूतून येतो आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिची मातृरोपे परदेशातून येतात. ती पावसाळ्यात वरती जगत नाहीत, म्हणून त्यांची रोपवाटिका वाईकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात करतात आणि पाऊस ओसरल्यावर रोपे वर आणून लावतात. साहेबांचा लवाजमा ज्या वाटेने उतरत असे त्याच वाटेने आज रोपांनी उतरावे आणि चढावे, ह्यात जुन्या तहाचे एक कलम अद्याप जिवंत आहे. पण पाऊस ऑक्टोबरात रेंगाळला की लागवड लांबते, आणि डिसेंबर २०२१ च्या आरंभी आला तसा अवकाळी आला की फळ वाफ्यातच सडते. म्हणून शेतकरी वाफ्यांवर मल्चिंगचा कागद अंथरतात, ठिबकाने पाणी देतात, काहींनी आच्छादित शेती आरंभली आहे, आणि पर्यटकाला वाफ्यापर्यंत नेऊन फळ त्याच्याच हाताने तोडू देतात. त्यामुळे एखादा तोडा गेला तरी हंगाम अगदीच हातचा जात नाही.

पाचगणीजवळचे भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचे गाव झाले. घराघरांत, ओसऱ्यांवर, देवळात ग्रंथ ठेवलेले आहेत आणि वाचक कोणत्याही ऋतूत छपराखाली बसून वाचू शकतो. मांघर ह्या गावाने मे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून नाव मिळविले. तेथील सातेरी मधमाशी जांभूळ, हिरडा, कारवी ह्यांच्या फुलोऱ्यावर जगते, म्हणून मध विकणाऱ्याला जंगल राखण्यात स्वतःचा हिशेब दिसू लागतो. ह्या दोन्ही गावांनी ‘पॉइंट’ नसताना माणसे आणली, आणि मोठ्या गावातील गर्दीचा थोडासा भाग का होईना, वळवून घेतला.

मला मात्र ह्या सर्वांहून अधिक महत्त्वाचा प्रश्न पावसाळ्यात पाहुण्यांना थांबविण्याचा वाटतो. साताऱ्याशेजारच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसांनी जावे ह्याची मर्यादा ठरलेली आहे आणि आगाऊ नोंदणीवाचून प्रवेश मिळत नाही. लोक कुरकुरले, पण नियम टिकला. जुलैतील अतिवृष्टीचे दिवस हवामान खाते आता काही दिवस अगोदर सांगू शकते. अशा दिवसांत आंबेनळी आणि पसरणी हे दोन्ही घाट पर्यटकांच्या गाड्यांना बंद ठेवावेत, बंद ठेवणे हीच रीत मानावी आणि उघडणे हा अपवाद. एवढी शिस्त ज्या गावाने शंभर वर्षे कोणाच्या हुकुमावाचून पाळली त्या गावाला ती आजही अशक्य नाही. झडी बांधण्याची कला जाणणारे हात अद्याप काही वाड्यांत आहेत. नगरपालिकेने निदान सरकारी इमारतींना कोळमाच्या झडी लावण्याचे काम त्यांना दरसाल द्यावे आणि कोळमासाठी उतार राखून ठेवावेत, म्हणजे गवताबरोबर तो उतारही राहील. आणि ज्या दिवशी घाट बंद करण्याचा हुकूम निघेल त्या दिवशी घोडेवाला, टॅक्सीवाला, हॉटेलातला वाढपी आणि चणे-फुटाणे विकणारी बाई ह्यांच्या बुडालेल्या रोजीची भरपाई कोणत्या खात्यातून व्हावी, हे त्याच हुकुमात लिहिलेले असावे; कारण जुन्या तहाचा भार एकट्या त्यांनीच वाहिला होता, आणि सीझनच्या आठ महिन्यांत पाहुण्यांकडून जो प्रवेशकर वसूल होतो त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.